ऐनाचा करगोटा

देवराईतल्या ऐनाला करगोटा बांधायचा मान आमच्या घराचा होता. तो आमच्याकडून कसा गेला, हे आमच्या वाडीत कायम वेगळंच सांगत आले. सांगू देत. मी कोल्हापुरात बसून कुणाकुणाचं तोंड धरणार? पण आता माझे गुडघे गेलेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, आणि माझ्या माघारी खरं काय ते सांगणारं कुणी उरणार नाही. म्हणून हे प्रकरण मी रागातच लिहायला बसले आहे. सून म्हणते, "आई, जरा शांतपणानं लिहा की." शांतपणानं लिहिण्यासारखं असतं तर मी ते तेव्हाच विसरून गेले असते.

आमची वाडी आजऱ्याच्या पलीकडं, दोन डोंगरांच्या मधल्या खोलग्यात. खाली भाताची खाचरं, मधे घरं आणि वरच्या अंगाला रानाईदेवीची राई. राई म्हणजे जंगलच, पण देवीच्या मालकीचं. तिथं कुऱ्हाड न्यायची नाही. कुऱ्हाड कशाला, वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. झाड पडलं तर पडल्या जागी कुजायचं. राईच्या तोंडाला हद्दीचा एक शेंदूर लावलेला धोंडा होता, त्याच्या बाहेर आतलं पानही आणायचं नाही. आम्ही पोरं जांभळं खायचो ती आत बसूनच, आणि बियासुद्धा आतच थुंकायचो. बाहेर पडताना आई आम्हाला परकर झटकायला लावायची. एकदा माझ्या वेणीत जांभळाचं एक वाळकं पान अडकून घरापर्यंत आलं, तर आबा ते हातात धरून भर पावसात परत ठेवून आले.

आबा म्हणजे माझे वडील. बोलायला कमी, चिडायला त्याहून कमी. त्यांचा एक शब्द ठरलेला होता, "ऱ्हाऊ दे." म्हशीनं लाथ मारून चरवी सांडली, ऱ्हाऊ दे. शेजाऱ्यानं बांध कोरला, ऱ्हाऊ दे. आई त्यावरून कपाळाला हात लावायची आणि म्हणायची, "तुमच्या तोंडात दुसरं काय ठेवलंच न्हाय बघा देवानं." मला तर तो शब्द ऐकला की अंगाचा तिळपापड व्हायचा. मी जन्माची भांडखोर. माझं नाव सुमन, पण वाडीत मला सुमी न म्हणता 'लवंगी' म्हणायचे. लवंगी मिरची.

तर तो मान. देवळाच्या उजव्या हाताला देवीचा ऐन होता. मूळचा ऐन आजोबांच्या वेळेला वठला, तेव्हा त्याच्या शेजारचं उमदं झाड देवीनं मांडीवर घेतलं, असं सांगायचे. म्हणजे तो देवीचा पोरगा. पोराच्या कमरेला करगोटा बांधतात तसा ह्याच्याही कमरेला दर चैत्रातल्या जत्रेला नवा करगोटा बांधायचा, आणि तो बांधायचा आमच्या घरानं. आबा परड्यात अंबाडी लावायचे. ती ओढ्यात कुजत घालायची, मग सोलून तिचा वाख काढायचा आणि मांडीवर वळून दोर करायचा. अंबाडी कुजल्याचा तो वास आठवडाभर घरात असायचा. भाताला यायचा, अंथरुणाला यायचा. आबांच्या मांडीवरचे केस घासून गेलेले असायचे. आई तो दोर हळदीत बुडवून वळचणीला वाळत घालायची आणि त्याच्या खालून कुणी गेलं की ओरडायची.

जत्रेच्या दिवशी जुना करगोटा सोडायच्या आधी गुरवमामा एक गोष्ट करायचे. देवीची पूजा त्यांच्याकडं होती. ते जुना दोर आणि झाडाची साल यांच्या मधे आपलं बोट घालून बघायचे. गेल्या वर्षी बांधलेला दोर झाड वाढल्यामुळं आवळलेला असायचा, बोट आत जायचं नाही. मग गुरवमामा हात वर करून ओरडायचे, "बोट जात न्हाय!" की ढोल सुरू, हलगी सुरू, गुलाल. बोट जात नाही म्हणजे पोरगा वाढला, म्हणजे देवी राजी, म्हणजे वर्ष चांगलं. लहानपणी मला वाटायचं की सगळ्या जगात असंच असतं. माणसं झाडाच्या कमरेत बोट घालून बघतात आणि मग नाचतात.

मी शाळेत जायला लागले त्या सुमाराला राईच्या खालच्या अंगाला काजूची भट्टी आली. आप्पासाब म्हणून आजऱ्याकडचे गृहस्थ होते, त्यांनी शेड घातली. ओल्या काजूगरांची आमटी आम्ही पहिल्यापासून खायचो, माझ्या आईच्या हातची ती आमटी आणि घनसाळाचा भात म्हणजे माझ्या लेखी अजून स्वर्ग आहे. पण बी भाजून, फोडून, गर काढून पाठवायचा धंदा नवा होता. बी भाजायला मोठा लोखंडी पिंप फिरवायचे आणि त्याच्याखाली काजूचीच टरफलं जाळायचे. ज्यांनी तो धूर घेतलाय त्यांना सांगायला नको. काळा, तेलकट, डोळ्यात घुसणारा आणि नरड्याला चिकटणारा. धुराडं म्हणजे एक पत्र्याची नळी, आमच्या गोठ्याहून थोडी उंच. थंडीत सकाळी तो धूर वर जायचाच नाही. खोलग्यात साचायचा आणि सावकाश, पसरत, राईत शिरायचा. दुपारपर्यंत राईचं तोंड दिसायचं नाही.

वाडीतल्या निम्म्या बायका भट्टीवर कामाला जायला लागल्या. माझी आईसुद्धा. टरफलातलं तेल हाताला लागून तिच्या बोटांची साल निघायची. संध्याकाळी ती चुलीपुढं बसून हाताला राख चोळायची, मग एरंडेल लावायची, आणि त्याच हातानं भाकरी थापायची. भाकरीवर तिच्या बोटांचे काळे ठसे उठायचे. पण घरात पहिल्यांदा चहाला साखर आली ती भट्टीमुळं, मला वह्यापुस्तकं मिळाली ती भट्टीमुळं, हेही खरं. आईच्या लुगड्याला येणारा तो जळका वास आम्हाला हळूहळू कळेनासा झाला. घनसाळाचा भात शिजला की पूर्वी ओटीपर्यंत वास यायचा. तोही येईनासा झाला. आई म्हणायची, "तांदूळच तसलं आल्यात औंदा." तांदूळ कसले! नाकं मेली होती आमची.

आणि एका जत्रेला गुरवमामांचं बोट आत गेलं.

ढोलवाले टिपरू उचलून उभे, आणि मामा झाडापाशी वाकलेले ते वाकलेलेच. मग ते सरळ झाले आणि हात वर न करताच बाजूला सरकले. आबांनी पुढं होऊन बघितलं. दोर सैल होता. कुजबूज झाली, पण म्हाताऱ्यांनी मिटवलं की गेल्या साली दोर ढिला बांधला असंल, अंबाडी पावसात ताणत असती. पुढच्या वर्षी आबांनी झाडाला पाय लावून दोर ओढला. तरी बोट आत गेलं. त्याच्या पुढच्या वर्षीही गेलं. मग लोक तोंडावर बोलायला लागले. "हातात जोर ऱ्हायला न्हाय व्हय रं?" "मनापासनं बांधत न्हाय हा." आबा ऐकून घ्यायचे. मी मधे बोलले की माझ्याकडं बघून म्हणायचे, "ऱ्हाऊ दे सुमे."

मला मात्र दिसत होतं. दिसत होतं म्हणजे काय, मी राईतच वाढले होते. ऐनाचं पान पूर्वी माझ्या दोन्ही तळव्यांत मावायचं नाही, ते आता एका तळव्यात मावायचं. कडा करपलेल्या. दसऱ्यातच पानगळ सुरू व्हायची. जांभळीच्या पानावर बोट फिरवलं की बोट काळं व्हायचं, आणि ते काळं पाण्यानं जायचं नाही, आईच्या हाताला लागायचं तसलंच चिकट. बुंध्यावरचं शेवाळ आणि दगडफुलं गेली होती. नवी रोपं उगवायची आणि वीतभर होऊन थांबायची. एकटा ऐनच नाही, भट्टीकडच्या तोंडाची सगळी राई वाढायची थांबली होती. मी आईला म्हटलं, "आई, तुझ्या हाताचं जे झालंय ना, तेच झाडांचं झालंय." आई भाकरी थापता थापता थांबली. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बोललीस ती बोललीस. भाईर बोलू नगंस. चूल कशावर पेटती घरातली, ठाव हाय न्हवं?" ठाऊक होतं. म्हणून तर जास्त राग यायचा.

आता ती चूक. चूक म्हणजे तरी काय, अब्रू वाचवायला माणसानं जे सुचलं ते केलं. आबा एका बाजाराला आजऱ्याला गेले आणि निळा नायलॉनचा दोर घेऊन आले. अंबाडी ताणते, सैल पडते, हे लोकांचं म्हणणं ना? मग हा ताणत नाही, कुजत नाही, पाऊस लागत नाही. बघू आता कोण म्हणतंय ढिला बांधला. मला अजून आठवतं, त्यांनी तो दोर वळचणीला टांगला आणि लांबून बघत उभे राहिले. आईनं हळद लावून बघितली, हळद लागेना. "अहो, रंग धरत न्हाय ह्यो." "ऱ्हाऊ दे. गाठ धरती ते बघ." जत्रेला त्यांनी तो असा काय आवळला की गाठीपाशी त्यांच्या तळहाताचं कातडं सोललं.

पुढच्या चैत्रात गुरवमामांनी बोट लावलं आणि बोट गेलं नाही. झाड वाढलं म्हणून नव्हे, दोर हललाच नव्हता म्हणून. पण कोण एवढा विचार करतोय! "बोट जात न्हाय!" मामा ओरडले आणि सगळी वाडी नाचली. आबांच्या कपाळावर गुलाल, गळ्यात हार. आप्पासाबांनी त्या वर्षी देवळाला नवे पत्रे घातले होते, त्यांनाही हार. दोघं शेजारी शेजारी उभे, आणि राईच्या वरून भट्टीचा धूर निवांत चाललेला. मी एकटी एका दगडावर हुप्प होऊन बसले होते. आबा घरी आल्यावर पहिल्यांदा मोठ्यानं हसले, आईनं पुरणपोळी केली होती ती त्यांनी तीनदा मागून घेतली. त्या आनंदात मी काही बोलले नाही. दोर तसाच ठेवायचा असं ठरलं, चांगला लागू पडलाय म्हणून.

वर्ष दोन वर्षं गेली आणि ऐनाचा शेंडा वाळला. एकदम सगळीकडं नाही, भट्टीच्या अंगाकडून. पावसाळ्यात सगळी राई हिरवी आणि ह्याच्या डोक्यावर वाळक्या काटक्या. वाडी हादरली. देवळापुढं सगळे जमले, बाप्ये पुढं, बायका पायरीला. आप्पासाबही आले होते. ते वाईट माणूस नव्हते, हेच तर अवघड आहे. कुणाच्या पोरीचं लग्न असलं की पुढं होऊन उभे राहायचे, हाकेला धावायचे. ते झाडाभोवती एक फेरी मारून आले, दोराला हात लावला आणि अगदी कळवळून म्हणाले, "अरं, ह्यो नायलॉन हाय की! ह्येनं आवळलंय झाड. लेकराच्या गळ्याला फास लावल्यागत झालंय. जीव कसा वर जाईल?"

झालं. सगळ्यांना एकदम पटलं. कुणालाच आणखी काही शोधायला नको होतं. "तरी म्हणलं, अंबाडी सोडून हे काय नवीन!" "रीत मोडली की असंच हुतंय." ज्यांनी नाचून गुलाल उधळला होता तेच. मी पायरीवरून उठले. आई माझा परकर ओढत होती, तरी उठले. म्हटलं, "दोर बांधायच्या आधीपासनं बोट आत जात हुतं. तवा कुणी आवळलं हुतं? आणि बाकीच्या झाडास्नी काय दोर बांधलाय? त्या जांभळी बघा, ते किंजळ बघा. पानाला हात लावून बघा, हात काळा हुतोय का न्हाय!"

गुरवमामा म्हणाले, "देवी कोपली की सगळ्याच राईवर कोपती, पोरी."

"आणि धूर?"

आप्पासाब हसले. चिडले असते तर बरं झालं असतं, ते हसले. "अगं, धूर तर वर आभाळात जातोय. त्यो झाडाच्या कमरंला कशाला जाईल? आणि धूर वाईट असता तर तुझी आई, ह्या सगळ्या आयाबाया रोज त्यात बसत्यात. त्या वाळल्या काय?"

सगळे हसले. बायकासुद्धा. मी आईकडं बघितलं. तिनं हात पदराखाली घेतले होते.

माणसाला खरं माहीत असावं आणि ते सिद्ध करायला हातात काही नसावं, ह्याच्यासारखा जाच नाही. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेन. रात्रंदिवस तोच विचार. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी एकदा आम्हाला गावातल्या लाकडाच्या वखारीत नेऊन ओंडक्यावरची वर्तुळं दाखवली होती. झाड दर वर्षी एक वेढा वाढतं, चांगलं वर्ष असलं की रुंद, वाईट असलं की चिंचोळा. ते मला आठवलं आणि मी उड्या मारत घरी आले. राईत एक ऐन पडलेला होता. देवीचा नव्हे, त्याच्या पलीकडचा, त्याच अंगाचा, दोर न बांधलेला. आदल्या पावसात उन्मळला होता. त्याला आडवी करवत लावली की आत सगळं लिहिलेलं असणार. भट्टी आली तिथपासून वेढे चिंचोळे. कुणाच्या बापाला नाकारता येणार नाही!

आबा गोठ्यात शेण भरत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी पाटी खाली ठेवली, सगळं नीट ऐकून घेतलं. ते भोळे होते, पण खुळे नव्हते. त्यांना पटलं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. आणि मग ते म्हणाले, "म्हंजे राईतल्या लाकडाला करवत लावायची?"

"पडलंय की ते! मेलंय!"

"देवीचं हाय."

"आबा, तुमचा मान जाणार हाय! लोक म्हणत्यात तुम्ही झाड मारलं!"

"म्हणू देत. पण ह्येच्या हातनं राईत करवत गेली, असं नगं म्हणायला कुणी. ते खरं असंल मग." त्यांनी पाटी उचलून डोक्यावर घेतली. "ऱ्हाऊ दे सुमे."

मी किंचाळले. खरोखर किंचाळले, म्हशी बिचकल्या. म्हटलं, "तुमच्या ह्या ऱ्हाऊ देनंच सगळं मेलंय!" आई घरातून धावत आली, तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग स्वतःच रडायला लागली. मला वाटलं आपणच करवत घेऊन जावं. गेलेसुद्धा, शेजारच्या सुताराची करवत मागून आणली आणि धोंड्यापर्यंत गेले. पण ती दोन माणसांची करवत होती. दुसऱ्या टोकाला कुणी पाहिजे ना! वाडीत एक माणूस असा नव्हता जो पलीकडून धरेल. मैत्रिणी तर नाव काढताच पळाल्या. मी धोंड्यापाशी बसून राहिले आणि करवत परत देऊन आले. तो पडका ऐन पुढं वाळवीनं खाल्ला. आमचा पुरावा किड्यांनी खाल्ला आणि आम्ही बघत बसलो.

मान काढून घेतला तो दिवस मला सांगवत नाही, पण सांगते. आबांना दोर सोडायला लावला. गाठ सुटेना, म्हणून विळ्यानं कापला. मागच्या बाजूला खोडाच्या एका फुगवट्यात वीतभर दोर रुतून बसला होता. कुणीतरी म्हटलं उपटा. आबा म्हणाले, "उपटला तर साल निघंल. ऱ्हाऊ दे तेवढा." तेवढा तुकडा झाडातच राहिला. पुढचा करगोटा आप्पासाबांच्या घरानं बांधला, अंबाडीचाच, हळदीचा, विकत आणलेला. बोट जातं की नाही ते बघायची पद्धत मात्र त्या वर्षीपासून बंद झाली. कुणी बंद केली, विचारू नका. आपोआप झाली. आबा परड्यात अंबाडी लावायचे थांबले. जत्रेला ते खाली खाचरात जाऊन बसायचे, काम नसलं तरी. आणि मी त्यांच्याशी नीट असं बोललेच नाही, लग्न होऊन जाईपर्यंत. लोकांचा राग होताच, पण माझा खरा राग आबांवर होता. आहे अजून.

इथं कोल्हापुरात माझ्या गॅलरीत चार कुंड्या आहेत. उचगावच्या कारखान्यांकडून वारा आला की पानांवर काळी पूड बसते. मी रोज सकाळी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसते. सून आधी हसायची. आता ती तिच्या मैत्रिणींना सांगते, "आमच्या आईंना नादच हाय तो." नाद नाही. राईतली पानं मला पुसता आली नाहीत.

ती भट्टी माझ्या लग्नानंतर काही वर्षांनी बंद पडली. दुसरीकडं वाफेची यंत्रं आली, पिंपात बी भाजायचं कुणाला परवडेना. पत्र्याचं धुराडं वादळात पडलं ते पडलं. आप्पासाब गेले, आणि त्यांच्या माघारी करगोट्याची रीतही सुटली. आई तर त्यांच्या आधीच गेली, खोकत खोकत. डॉक्टरनं चुलीचा धूर म्हणून सांगितलं. आबाही गेले. त्यांच्या दहाव्याला एका म्हाताऱ्यानं मला जवळ घेऊन सांगितलं, "देवमाणूस हुता गं. एक ते झाडाचं तेवढं चुकलं." बारा गावचा जमाव होता, म्हणून गप्प बसले.

आणि आता अलीकडं कळलं की रस्ता रुंद होतोय आणि राईची रस्त्याकडची बाजू तोडतायत. देवीला कौल लावला, देवीनं उजवा दिला म्हणे! रस्त्यासाठी देवी परवानगी देते. आमच्या एका करवतीसाठी तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मी मुलाला, विनूला, म्हटलं, "गाडी काढ." तो म्हणाला, "तुझे गुडघे." म्हटलं, "गुडघे गेले चुलीत, तू गाडी काढ."

पोचलो तेव्हा देवीचा ऐन आडवा पडलेला होता. ओळखायला वेळ लागला नाही. कमरेशी, मागच्या बाजूला, वीतभर लांबीचा एक वळ होता. केवढा जाडजूड झाला होता ऐन! लग्नानंतर मी राईत पाऊल टाकलंच नव्हतं. म्हणजे शेंडा वाळूनही तो मेला नव्हता. भट्टी गेल्यावर पुन्हा फुटला होता. यंत्राची करवत चालवणारा माणूस ओरडला, "आज्जी, लांब व्हा, अंगावर यील काय तरी!" मी जवळच गेले. म्हटलं, "पावणं, हितं, ह्या वळावर एक काप घालता का? आणि बोटभर सोडून दुसरा. एवढी चकती द्या मला." त्याला काय, त्याचं ते कामच. दोन मिनिटांत चकती मोकळी झाली.

विनूनं ती बुंध्याला टेकून उभी केली, मी पदरानं भुसा पुसला. आणि आत सगळं लिहिलेलं होतं. मधोमध रुंद, मोकळे वेढे, माझ्या आजोबांच्या आणि माझ्या लहानपणाच्या काळातले. मग एकाएकी ते एकमेकांना खेटलेले, इतके की मला चष्मा पुसून बघावं लागलं. त्या खेटलेल्या वेढ्यांच्या बाहेरच्या कडेला, लाकडात गाडला गेलेला, अजून निळाच, आबांचा दोर. आधी दाटी, मग दोर. दोराच्या आधीपासून दाटी! आणि दोर गिळून पुढं गेल्यावर, भट्टी बंद झाल्यावर, पुन्हा रुंद वेढे, सालीपर्यंत. मी माझं बोट त्या खेटलेल्या वेढ्यांवर ठेवलं. भट्टीची ती सगळी वर्षं, आईचे हात, आबांचा मान, माझं सगळं भांडण, एका बोटाखाली झाकलं गेलं.

मी मोठ्यानं म्हटलं, "बघा! बघा म्हणते मी! दोरानं न्हाय!" करवतवाला थांबून बघायला लागला. "काय झालं, आज्जी?" मी त्याला सांगायला लागले, तर तो म्हणाला, "व्हय की," आणि त्यानं यंत्र सुरू केलं. रस्त्यावरून एक दोघं जात होते, ते मोबाईलवर बोलत होते. गुरवमामांचा नातू देवळात दिसला, त्याला हाक मारली. तो आला, वाकून बघितलं, म्हणाला, "भारी दिसतंय, टीपॉय चांगला हुईल." मी त्याला सांगत होते की तुझ्या आजोबांचं बोट, माझ्या आबांचा दोर. तो मान हलवत होता, पण त्याला ठाऊकच नव्हतं. कसला करगोटा, कुणाचा मान, काही नाही. ज्यांना दाखवायचं होतं ते सगळे मेले होते, आणि जे जिवंत होते त्यांच्या लेखी काही झालंच नव्हतं.

मग ठरवलं, घरी न्यायची. भिंतीला टांगायची, येईल त्याला दाखवायची. विनू गाडी वळवायला पुढं गेला. चकती जड होती, पण मी ती पोटाशी धरून निघाले, थांबत थांबत. माझ्या शेजारून ट्रॅक्टर गेला, राईतलीच लाकडं भरून, वखारीकडं. त्याला काही वाटलं नाही. ड्रायव्हर गाणं लावून चालला होता. आणि मी हद्दीच्या धोंड्यापाशी आले आणि थांबले. दम लागला म्हणून थांबले असं आधी वाटलं. मग पुढं पाऊल टाकायला गेले तर टाकवेना. मी स्वतःला शिव्या दिल्या. म्हटलं, अगं बाई, सगळी राई ट्रॅक्टरनं चाललीय, तू कुणाला भितेस? देवीला? देवीवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आताही नाही. ते वाळकं पान हातात धरून पावसात निघालेले आबा मात्र मला स्पष्ट दिसत होते.

चकती मी धोंड्याला टेकवून ठेवली, आतल्या बाजूला. निळा दोर राईकडं तोंड करून. परकर झटकावा तशी साडी झटकली आणि बाहेर आले.

विनूनं दार उघडलं. माझ्या रिकाम्या हातांकडं बघत म्हणाला, "आई, चकती कुठाय? एवढी धडपड केलीस, आणतो की मी."

मी गाडीत बसले आणि म्हटलं, "ऱ्हाऊ दे."